न मरणाऱ्या भिमाचा शेवटचा भाग

भिमाला मी अमर केला तो निव्वळ आळसापायी. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक त्यात तत्त्वज्ञान शोधत बसतात. सोलापुरात विजापूर वेशीजवळ नबीसाबांचा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि नाटकांच्या जाहिराती छापून वेळ उरला की ते ‘पाखरू’ नावाचं मुलांचं मासिक काढायचे. सत्तावीस साली त्यांनी मला, म्हणजे बाळीवेशीपलीकडच्या शाळेतल्या तिप्पण्णा मास्तरला, दर महिन्याला चार पानांची गोष्ट लिहायला सांगितली. दर महिन्याला नवा नायक कुठून आणायचा? म्हणून मी धनगराचं एक दहा वर्षांचं पोर घेतलं, त्याचं नाव भिमा ठेवलं, त्याला डोंगरातल्या झऱ्याचं ओंजळभर पाणी पाजलं आणि जाहीर करून टाकलं की हा आता कधीच मरणार नाही. झरा तिथल्या तिथे आटवला. आणखी कुणाला अमर करायची कटकट मला नको होती.

पहिले चार महिने नुसती चैन होती. भिमा कड्यावरून पडायचा आणि धूळ झटकून उठायचा. त्याला नाग चावला तर घेरी नागाला यायची. लांडग्यानं त्याला धरलं आणि चावून चावून त्याचीच दाढ दुखायला लागली, तो भाग तर मुलांनी तीन वेळा वाचायला लावला. मी तिसरीच्या वर्गाला शनिवारी गोष्ट वाचून दाखवत असे. सोमवारी मधल्या सुट्टीत निम्मा वर्ग भिमा होऊन शाळेच्या भिंतीवरून उड्या मारायचा आणि मी हळद घेऊन गुडघे पुसत बसायचो. हेडमास्तर मला म्हणाले, “तिप्पण्णा, तुमच्या नायकाला मरण नाही ते ठीक आहे, पण आमच्या पोरांना हाडं आहेत.”

त्याच वर्गात येडू होता. आठ-नऊ वर्षांचा, काटकुळा, आणि अंगाला बकऱ्यांचा वास. इतर मुलं गोष्ट ऐकून टाळ्या वाजवायची. हा मात्र वर्ग सुटला की माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा.

“मास्तर, बकरी कड्याला भीत न्हाय. मेंढरू भितंय. तुमी उलटं लिवलंय.”

माझ्या लिखाणात कुणी चूक काढली की माझं डोकं फिरतं. त्या दिवशीही फिरलं. पण पोरगं खरं बोलत होतं. पुढच्या महिन्यापासून मी प्रत्येक भाग नबीसाबांकडे नेण्याआधी येडूला वाचून दाखवायला लागलो, आणि हे नबीसाबांना मुळीच सांगितलं नाही. एका मास्तरानं तिसरीतल्या पोराकडून गोष्ट तपासून घ्यावी, ही काही मिरवायची बाब नव्हे.

येडूची आई केराबाई गिरणीच्या मागच्या माळावर खोप घालून राहायची. नवरा मेंढरं घेऊन सांगोल्याकडं गेलेला. हिच्याकडे आठ बकऱ्या आणि हे एक पोर. आमच्या घरी दूध तीच घालायची. येडूच्या आधीची तिची चार मुलं गेली होती, एकानंही दुसरं वर्ष पाहिलं नव्हतं. त्या चौघांना तिनं चांगली चांगली नावं दिली होती. पाचवा झाला तेव्हा तिनं रीतीप्रमाणे त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचललं, आणि मग हिनं मूठभर कोंडा देऊन त्याला शेजारणीकडून विकत घेतलं. नाव ठेवलं येडू. असल्या नावाच्या पोराकडे मरण वळून बघत नाही म्हणतात. तिचं स्वतःचं केरा हे नाव तसंच पडलेलं. मीही त्यातलाच. आमच्या घरी कानडी बोलतात, आणि कानडीत तिप्पे म्हणजे उकिरडा. माझ्या आईचे माझ्याआधी तीन गेले होते. तेव्हा केराबाईच्या खोपीत आम्ही तिघं जमलो की मरणाला फसवून आलेल्या मंडळींची बैठकच भरायची.

केराबाई त्या बाबतीत फार सावध. “येडू कसा आहे?” विचारलं तर “हाय आपलं, कसं तरी” एवढंच सांगायची, पोर धडधाकट समोर उड्या मारत असलं तरी. मरणाचा शब्द तर त्याच्या कानावर ती पडूच देत नसे. बकरी मेली तरी “चराया गेली” म्हणायची. आपल्या आधी चार भावंडं होऊन गेली हेसुद्धा येडूला ठाऊक नव्हतं. मला ते माझ्या बायकोकडून कळलं, आणि तिला केराबाईनं एकदाच, दूध मापता मापता सांगितलं होतं.

पाचव्या महिन्यापासून माझी गाडी घसरली. घसरवली मुलांनीच. एकानं विचारलं, “भिमा धा वर्सांचाच ऱ्हानार, तर त्याला दर वर्सी तिसरीतच बसवनार का?” दुसऱ्यानं विचारलं, त्याचे दुधाचे दात पडणार की नाही. मी विचारात पडलो. मग मला गोष्टीत खोली आणायची हौस आली, आणि ही हौस आली की लेखकाचं काही खरं नाही. भिमाचे सवंगडी मोठे झाले, त्यांना मिशा फुटल्या, त्यांची लग्नं झाली, आणि ते त्याला “ए पोरा” म्हणायला लागले. त्याचं कुत्रं म्हातारं होऊन गेलं. श्रावणाच्या अंकात मी त्याची आई मारली. शेवटी भिमा डोंगरावर घोंगडं पांघरून बसलाय, दिवस मावळलाय, आणि त्याला जेवायला हाक मारणारं जगात कुणी उरलेलं नाही, असं लिहिलं. लिहिताना मी स्वतः रडलो आणि स्वतःवर फार खूश झालो.

येडूला वाचून दाखवलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं.

“त्यानं आईला पानी का न्हाय दिलं?”

“झरा आटला होता ना. एकाच ओंजळीचं पाणी होतं.”

“मग अर्दी वंजळ प्यायची की. अर्दी ठिवायची.”

मी म्हटलं, आता छापायला गेलंय. ते खोटं होतं, अजून गेलं नव्हतं. पण माझा शेवट मला फार आवडला होता.

केराबाईला मात्र तो भाग मनापासून आवडला. तिला येडूनं सांगितला होता. दूध घालताना मला म्हणाली, “आई गेली त्यात काय वो मास्तर, आया जायाच्याच. पोरगं ऱ्हायलं न्हवं? लई चांगली गोष्ट हाय.”

श्रावण सरता सरता येडूला हिवताप आला. दिवसाआड दुपारी थंडी वाजायची, मग अंग भाजून निघायचं, मग घामानं वाकळ भिजायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कोयनेलची, म्हणजे क्विनीनची, बाटली दिली. बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी. एका वेळेला एक खाच. केराबाईकडे घड्याळ कुठलं? गिरणीचा भोंगा झाला की एक खाच, असं मी तिला ठरवून दिलं. बाटली बरोबर वेळेला संपायची. ताप मात्र हटेना. दुसरी बाटली संपली, तिसरी निम्मी झाली. येडूचे हात काड्या झाले आणि पोट पुढं आलं.

दवाखान्यात येडूला तपासून बाहेर बसवलं आणि डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तर, पोटातली पानथरी, प्लीहा, सुजलीय. एवढं कोयनेल पोटात गेल्यावर ताप राहायला नको. औषध चुकतंय कुठंतरी. आणखी आठवडाभर असंच चाललं तर मला काही सांगता येणार नाही.”

“बाई, रोज देताय ना औषध?” त्यांनी केराबाईला विचारलं.

“काय?”

“औषध देताय ना?”

“जरा मोट्यानं बोला साहेब. आट दिस झालं, कानात रातकिडं किर्र करत्यात.”

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. “कोयनेल घेणाऱ्याचे कान वाजतात,” ते म्हणाले. “या पोराचे वाजायला हवेत. तुमचे का वाजतात?”

केराबाईनं पदर तोंडाला लावला आणि मग सगळं बाहेर आलं. औषध कडूजहर. येडू पहिल्या दिवशी थुंकला. तेव्हा ती त्याला म्हणाली, हे भिमाच्या झऱ्याचं पानी हाय, डॉक्टरनं मुद्दाम आनलंय, पी म्हंजे तुला कदी काय हुनार न्हाय. पोरगं बाटलीकडे बघत बसलं आणि म्हणालं, “मग अर्दं तू पी.” तिनं नको म्हटलं तर त्यानं ओठ मिटले ते मिटले. धरून पाजलं तर ओकून टाकलं. शेवटी रोज एका वाटीत तो स्वतः ओतायचा, निम्मं तिला प्यायला लावायचा, तिचा घोट गळ्याखाली उतरलेला बघायचा, तोंड उघडून दाखवायला सांगायचा, आणि मगच उरलेलं निम्मं आपण प्यायचा.

“मग दुप्पट द्या,” मी डॉक्टरांना म्हणालो.

“म्हणजे बाईच्या पोटातही दुप्पट. कान कायमचे जातील तिचे. आजपासून हिला एक थेंब नाही. पोराला समजवा, मास्तर. तुमचंच काम आहे ते.”

माझंच होतं, यात शंका नव्हती. मी मायलेकांच्या मागोमाग तसाच खोपीवर गेलो. येडू वाकळेत पडला होता, शेजारी बकरीचं करडू. मी त्याला सरळ सांगितलं, बाबा रे, हे झऱ्याचं पाणी नाही, साधं कोयनेल आहे. झरा-बिरा सगळं मी मनानं रचलेलं आहे.

तो माझ्याकडे दयेनं बघायला लागला. “मास्तर, तुमी छापलंय की.”

“छापलं म्हणून खरं होत नाही.”

“वर्गात तर म्हनला हुता, छापलंय ते चुकत न्हाय म्हनून.”

म्हणालो होतो. पाढ्यांच्या पुस्तकाबद्दल म्हणालो होतो. पण आता ते सांगून काय उपयोग?

“आये आन मी दोगं तरी ऱ्हाऊ,” तो म्हणाला. “एकटा ऱ्हाऊन काय करू? भिमागत बसू व्हय डोंगरावर?”

मी तिथून उठलो तो छापखान्यात. नबीसाब भाद्रपदाच्या अंकाची जुळणी संपवून हात पुसत होते. मी म्हटलं, भिमाचा भाग काढा, मी नवा लिहून देतो, शेवटचा. आणि एक प्रत उद्या दुपारच्या भोंग्याआधी पाहिजे, छापलेली.

“शेवटचा?” नबीसाब खुर्चीवर बसले. “मास्तर, तबियत ठीक है ना तुमची? भिमासाठी पोरं अंक घेतात. ज्याला मरण नाही त्याचा शेवट कसला करता?”

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “माझ्या अम्मीनं मला मोहरमात फकीर केलं होतं. बारा वर्षांचा होईपर्यंत. गळ्यात नाडा, हातात झोळी. का, तर माझ्या आधीचे दोन गेले होते.” त्यांनी उठून शिशाच्या अक्षरांची, खिळ्यांची पेटी पुढं ओढली. “लिवा. तुम्ही लिवा, मी जुळवतो.”

मी उभ्या उभ्या लिहिलं. भिमाला दुसरा झरा सापडतो, तो काळाच्या मागं जाऊन आईला पाणी पाजतो, दोघंही अमर होतात. मला वाटलं, झालं काम. नबीसाब एकेक खिळा लावत होते. पाच ओळी झाल्या आणि त्यांचा हात थांबला.

“मास्तर, भिमाची आई अमर झाली. तिला तिची आई पाहिजे का नक्को?”

“तिलाही पाजू.”

“हौ. मग तिची आई. मग कुत्रं. मग त्या सगळ्या बकऱ्या. सोलापुरात उभं राहायला जागा राहणार नाही.” चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आणि ही बात त्या पोरानं वाचली की तो बाटली घेऊन आईच्या मागं लागेल. पूरी बाटली पी म्हणेल. खोटं नक्को लिवू, मास्तर. खोट्यानंच पोरगं बिमार पडलंय.”

मला राग आला, आणि राग आला कारण बोलणं बरोबर होतं. मी तो कागद फाडला. पुढच्या दोन पानांना मला संध्याकाळ लागली. आजवर माझ्या हातून इतकं साधं काही लिहून झालं नव्हतं. नबीसाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी एकच ताव छापला आणि ओला असतानाच माझ्या हातात दिला. भिमासारखा नायक हातातून जात होता, तरी एका अक्षरानं कुरकुर केली नाही त्यांनी.

दुपारी मी खोपीत पोचलो. तो बिनतापाचा दिवस होता. येडू भिंतीला टेकून बसला होता. केराबाई दाराशी उभी होती. मी वाचायला लागलो. भिमा डोंगरावर बसलेला असतो, तिथे त्याला एक म्हातारी धनगरीण भेटते. ती म्हणते, पोरा, तुला कुणीतरी चुकीचं सांगितलं. झऱ्याचं पाणी मरण टाळत नाही, नुसता ताप काढतं. ज्याला ताप असेल त्यानं ते सगळं प्यायचं; वाटून घेतलं तर दोघांनाही गुण येत नाही. डोंगरावर बसल्या बसल्या तुला हे सगळं वाईट स्वप्न पडलं, तुझी आई घरी भाकरी थापतेय. भिमा पळत घरी जातो. मग त्याला मिशा फुटतात. त्याचं लग्न होतं, पोरं होतात. त्याची आई खूप म्हातारी होऊन जाते, आणि भिमा रडतो. मग पुष्कळ वर्षांनी, नातवंडांना गोष्टी सांगून सांगून घसा बसल्यावर, एके दिवशी भिमाही मरतो.

दाराशी काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. केराबाईच्या हातातली चरवी पडली होती. दूध सांडलं नाही, रिकामीच होती. तिच्या डोळ्यांत असा जाळ होता की मी वाचलेला ताव छातीशी धरला.

येडूनं हात पुढं केला. मी ताव दिला. त्यानं छापलेल्या अक्षरावरून बोट फिरवलं, बोटाला शाई लागली ती बघितली.

“व्हय गं आये? भिमा मरतोय म्हनं.”

ती चरवी उचलायला वाकली.

“मग मी बी मरनार?”

आठ-नऊ वर्षं तिनं तो शब्द दाराबाहेर ठेवला होता. मी छापून तो आत आणला होता. न्हाय म्हणाली असती तर पोरगं पुन्हा वाटी निम्मी करायला बसलं असतं, आणि हे तिलाही कळत होतं. मला तिची इतकी दया आली की वाटलं, आपणच काहीतरी बोलावं. पण मी बोलून चालणार नव्हतं.

“व्हय,” ती म्हणाली. मग मोठ्यानं पुन्हा म्हणाली. “व्हय. मरशील. म्हातारा झाल्यावर. समदं दात पडल्यावर.”

“तुज्या आदी?”

“गप! माज्या मागनं. मी आदी. लई लई वरसांनी.”

“आन तू गेल्यावर मी काय करायचं?”

“रडायचं.”

“मग?”

“मग उटायचं. बकऱ्या काय आपल्या रडन्यापायी थांबत्यात व्हय? धार काडायची. भाकरी खायाची. पयल्या दिशी घशाखाली जात न्हाय, दुसऱ्या दिशी जाती.”

“तुला कसं म्हाईत?”

केराबाई खाली बसली. “हाय म्हाईत,” ती म्हणाली. तिनं बाटली उचलली, एक खाच भरून औषध वाटीत ओतलं आणि वाटी त्याच्यापुढं धरली. सवयीनं तिचा दुसरा हात आपल्या घोटासाठी पुढं आला. येडूनं वाटी बाजूला घेतली.

“ह्ये माजं हाय,” तो म्हणाला, आणि डोळे मिटून सगळं प्यायला. तोंड वेडंवाकडं करून त्यानं रिकामी वाटी मला दाखवली.

केराबाई उठून बाहेर गेली. खोपीच्या मागून तिचा आवाज यायला लागला. रडत होती, पण रडण्यात नावं होती. म्हाळू, ठकी, बिरू, सोना.

“मास्तर, आये कुनास्नी हाका मारती?”

आता लपवून काय राहिलं होतं? मी म्हणालो, “तुझ्या भावंडांना. तुझ्या आधी चार होती. लहानपणीच गेली.”

तो भिंत धरून उठला. मी हात दिला तर नको म्हणाला. खोपीला वळसा घालून तो मागं गेला आणि तिच्या मांडीला लागून बसला.

“आये,” तो म्हणाला, “परत सांग. सावकाश सांग, येकेकाचं.”